ठिणगी नेमकी कुठे पडली?

मागच्या पावसाळ्यात एक चालक आपली टुरिस्ट टॅक्सी टोचन करून परळला माझ्याकडे घेऊन आला. आदल्या दिवशी डॅशबोर्डमागे मोबाईल चार्जरची वायर जोडताना ठिणगी उडाली होती आणि तेव्हापासून गाडी सुरू होत नव्हती. त्याआधी एका गॅरेजमध्ये त्याला सांगण्यात आले होते की स्कॅनर (गाडीतला दोष वाचणारे यंत्र) लागत नाही, म्हणजे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, जळाला आहे आणि नवाच टाकावा लागेल. गाडीचा हप्ता तोंडावर आलेला होता. खर्चाचा आकडा ऐकून तो माणूस पार खचला होता. मी बॉनेट उघडण्याआधी त्याला विचारले, "दादा, ठिणगी नेमकी कुठे पडली, ती जागा दाखवा."

श्रोतेहो, शॉर्ट झाल्यानंतर बंद पडलेल्या गाडीचा शोध याच प्रश्नापासून सुरू व्हावा, असे माझे ठाम मत आहे. करंट बॅटरीच्या प्लसमधून निघतो आणि बॉडीतून मायनसकडे परत येतो. ज्या जागी तो वाट सोडून थेट बॉडीत गेला, त्या जागेच्या आणि बॅटरीच्या मध्ये जे जे आहे, त्यालाच मार बसलेला असतो. ती वाट डोळ्यांसमोर आली की तपासायच्या गोष्टी दोन-चारच उरतात. ती न पाहता सुटे भाग बदलत गेले, तर ग्राहकाचे पैसे जातात आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो.

बॅटरीचा नट सोडवताना १० नंबरचा पाना प्लस टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये अडकला, असे समजा. हा करंट शेकडो अँपिअरचा असतो, पण तो पान्यातूनच बॉडीत जातो. वाटेत एकही फ्यूज नसतो. म्हणून अशा वेळी फ्यूज बॉक्स उपसत बसण्याआधी बॅटरी पाहावी. ती फुगली असेल, तिला तडा गेला असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तिला जंपर केबल अजिबात लावू नये. आतला हायड्रोजन एका ठिणगीने पेट घेतो. बॅटरी धड दिसत असेल तर व्होल्ट मोजणारा मीटर लावावा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, पण खरी परीक्षा सेल्फ मारतानाच होते. त्या क्षणी आकडा ९.६ च्या खाली कोसळला, तर बॅटरी आतून खचली आहे किंवा उतरली आहे. नुसत्या उभ्या गाडीत १०.५ च्या जवळचा आकडा दिसला, तर सहापैकी एक सेल गेला असण्याची शक्यता मोठी असते.

हाच पाना मुख्य फ्यूजच्या पुढच्या बोल्टला लागला असता, तर कथा वेगळी झाली असती. बॅटरी पूर्ण भरलेली, पण चावी फिरवली तरी डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, हे मुख्य फ्यूज उडाल्याचे ठळक लक्षण आहे. जंपर केबल उलटी लागली तरी बहुधा हाच फ्यूज जातो, कारण अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारे यंत्र, यातील डायोड एरवी करंट एकाच दिशेने जाऊ देतात, पण उलट्या जोडणीत ते सरळ वाहू लागतात आणि बॅटरीला जणू थेट शॉर्ट मिळतो. तेव्हा फ्यूज बदलून गाडी सुरू झाली, तरी डायोड वाचले की नाही हे पाहिल्याशिवाय ती रस्त्यावर काढू नये.

जुन्या चालकांना हे सारे अवघड वाटते, आणि त्यांचे तसे वाटणे मला समजते. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून निरोप घेतलेल्या प्रीमियर पद्मिनीला पेट्रोलचा पंप इंजिनच चालवत असे. कॉइलला करंट मिळाला की धक्का मारून गाडी निघे. आजच्या गाडीत पंप, इंजेक्टर आणि ईसीयू या सगळ्यांनाच वीज हवी. म्हणून चावी ऑन करून एकदा शांतपणे कान द्यावा. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाचा हलका गुणगुणाट येतो. सेल्फ जोरात फिरतो, पण तो आवाज नाही आणि इंजिन उचलत नाही, अशी स्थिती असेल, तर बॅटरीचा नाद सोडून पंप आणि ईसीयूचे फ्यूज व रिले (विजेवर चालणारे स्विच) पाहावेत.

त्या टॅक्सीत नेमके हेच होते. चालकाने दोन वायरींचे आवरण सोलले होते; एक लायटरच्या सॉकेटची, दुसरी पंपाच्या रिलेकडे जाणारी, आणि दोन्ही बॉडीला भिडल्या होत्या. अनेक गाड्यांमध्ये स्कॅनर लावायच्या सॉकेटला लायटरच्याच फ्यूजमधून करंट मिळतो. त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर मी टेस्ट लॅम्प धरला, तो पेटला नाही. स्कॅनरलाच वीज मिळत नव्हती. ईसीयूचा त्यात काही दोष नव्हता. १५ अँपिअरचे दोन निळे फ्यूज काढून उजेडात धरले, तर दोन्हींच्या आतली पट्टी वितळून तुटलेली होती.

नवे फ्यूज मी लगेच लावले नाहीत. आधी त्या सर्किटवरची उपकरणे सोडवली आणि फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडला. शॉर्ट अजून शिल्लक असेल तर तो लख्ख पेटतो, आणि वायर हलवत गेल्यावर ज्या जागी तो विझतो, तिथे दोष सापडतो. आमचा बल्ब एका ब्रॅकेटजवळ विझला. तिथे सोललेली तांब्याची तार अजून पत्र्याला टेकत होती. फ्यूजच्या जागी तार घालून 'डायरेक्ट' करण्याची सवय मला अतिशय भयंकर वाटते. फ्यूज उडाला म्हणजे त्याने आपले काम केले. त्याच्या जागी तार आली की पुढच्या वेळी वायरिंग जळते, आणि त्या गाडीत माणसे बसलेली असतात.

काम करताना हातातली अंगठी आणि कडे काढून ठेवावे. बॅटरी सोडवताना मायनस आधी काढावा आणि जोडताना शेवटी लावावा, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी करंटला वाट मिळत नाही. त्या दिवशी तारेवर नीट आवरण चढवून फ्यूज लावले, पंप गुणगुणला, पहिल्याच सेल्फला इंजिन उचलले. मग बॅटरीवर मीटर धरला; १४.१ व्होल्ट दिसले, म्हणजे चार्जिंगही शाबूत होते. चार्जरची वायर मात्र मी स्वतंत्र फ्यूज घालून पुन्हा जोडून दिली.