हिणकस

हा काळा गुळगुळीत दगड म्हणजे कसोटी. संस्कृतात 'कष्' म्हणजे घासणे. त्यावरून कषपट्टिका, आणि तीच झिजत झिजत झाली कसोटी. तिच्यावर सोनं घासून जे कळतं, तो कस.

सोनाराचा हात नीट पाहा. दागिन्याची कड आधी कानशीने जराशी खरवडली, कारण वर मुलामा असेल तर पहिली रेघ मुलाम्याचीच उमटते. डाख दिलेला सांधा टाळला. डाखात, म्हणजे सांधा जोडायच्या मिश्रणात, इतर धातू जास्त. तिथे घासलं तर चांगलं सोनंही हलकं ठरतं. मग दोनेक सेंटीमीटरची दाट रेघ. शेजारी, तेवढ्याच दाबाने, कस माहीत असलेल्या सळईची रेघ. आता दोन्हींवरून तेजाबाचा, म्हणजे नायट्रिक आम्लाचा, थेंब आडवा ओढायचा. पितळ असेल तर रेघ हिरवट होऊन विरघळते. १८ किंवा २२ कॅरटची रेघ ढिम्म राहते. त्या दोघींतला फरक काढायला आम्लात हायड्रोक्लोरिक मिसळावं लागतं. मग जिच्यात हीण जास्त, ती आधी फिकी पडते.

हीण म्हणजे तांबं, चांदी असला मिसळलेला धातू. २२ कॅरटच्या १० ग्रॅम बांगडीत सोनं ९.१६ ग्रॅम, बाकीचं हीणच. ते नसेल तर बांगडी हातात चेपते. म्हणजे हीण घालणं हा गुन्हा नव्हे. सांगितल्यापेक्षा जास्त घातलं की माल हिणकस.

'हीन'चंच हे 'हीण', आणि 'हिणवणे'ही त्यातलंच. ('हीण' दीर्घ, 'हिणकस' ऱ्हस्व.) आज 'हिणकस शेरा', 'हिणकस विनोद' असं सर्रास म्हणतात. म्हणायला हरकत नाही, पण शब्द नुसत्या 'वाईट'साठी वापरला की त्याची धार जाते. पितळ कधी हिणकस नसतं, ते पितळच. हिणकस व्हायला आत थोडं तरी सोनं लागतं.

हे शेत बघा. जमिनीलाही कस असतो. पीक काढत राहिलं आणि परत काही घातलं नाही, तर ती होते निकस. हिणकस नव्हे, इथे काही मिसळलेलं नाही, काढून घेतलेलं आहे. पिकाचा उतारा घटतो तो त्यामुळे. आणि 'निकष'? तो तर पुन्हा कसोटीचाच दगड.

आता २२ कॅरटच्या नव्या दागिन्यावर ९१६चा छाप आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. दगड बाहेर निघतो तो मोडीचं सोनं आलं की.