गोळीतला कॅमेरा

[दृश्य: तळहातावर कॅप्सूल]

वेष्टनातून काढली की ही लुकलुकायला लागते. लांबी साधारण २६ मिलिमीटर, जाडी ११, वजन ४ ग्रॅमच्या आत. तेवढ्यात कॅमेरा, दिवे आणि बॅटरी.

[दृश्य: नागपूरची धंतोली, सकाळ, तर्री-पोह्यांची गाडी]

चौकात तर्रीला उकळी फुटलीय. यवतमाळकडून आलेल्या या मावशींनी मात्र काल रात्रीपासून काही खाल्लेलं नाही. पोट रिकामं हवं, नाहीतर कॅमेऱ्याला कालचं वरणभातच दिसायचं. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्याही काही दिवस आधीच बंद केल्यात. त्यांनी आतलं सगळं काळपट दिसतं.

मावशींचं हिमोग्लोबिन सारखं उतरतंय. तोंडातून दुर्बीण झाली, खालूनही झाली, रक्त कुठून जातंय ते कळलं नाही. मधलं लहान आतडं राहिलं. ते असतं सहा मीटरच्या आसपास आणि नेहमीच्या दुर्बिणी त्याच्या दोन टोकांपाशीच थांबतात.

[दृश्य: कमरेला पट्टा, त्यात रेकॉर्डर]

“एवढी मोठी? पोटात फुटली तं?”

“नाही फुटत मावशी. पाण्यासोबत गिळा.”

गेली! ना भूल, ना सुई.

हे सुचलं गॅव्ह्रिएल इदान या इस्रायली अभियंत्याला. क्षेपणास्त्रांच्या ‘डोळ्यां’वर काम करणारा हा माणूस, त्यानं तसलाच डोळा आतड्यात सोडायचं ठरवलं. अमेरिकेत २००१ मध्ये या कॅप्सूलला मान्यता मिळाली.

[दृश्य: बाकावर मावशी, हातात पाण्याचा पेला]

साधारण दोन तासांनी पाणी, चार तासांनी हलकं खाणं. मधल्या वेळात हिंडाफिरायला मोकळीक. बॅटरी आठ ते बारा तास चालते, तोवर कमरेच्या रेकॉर्डरमध्ये ५० हजारांच्या आसपास चित्रं जमतात.

[दृश्य: संगणकाचा पडदा]

गुलाबी भिंत. टर्किश टॉवेलसारखे बारीक तंतू. पित्ताचा पिवळा फेस. डॉक्टर भराभर पुढे जातात, थबकतात, चार चित्रं मागे येतात. वळणावर लाल ठिपका.

कॅप्सूल फक्त बघते. तुकडा काढता येत नाही की रक्त थांबवता येत नाही. त्यासाठी पुढे वेगळी दुर्बीण किंवा ऑपरेशन.

[दृश्य: डॉक्टरांच्या टेबलावर जुन्या फायलींची पिशवी]

ही पिशवी घरी विसरू नका. आतड्याचा टीबी, क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार), पोटाचं जुनं ऑपरेशन, रेडिएशन, वर्षानुवर्षं घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या, पेसमेकर, गिळायला त्रास, जेवल्यावर फुगून दुखणारं पोट: गोळी गिळण्याआधी सगळं सांगा. आतडं कुठे अरुंद असेल तर ती तिथेच अडकते, क्वचित ऑपरेशन करून काढावी लागते. शंका असेल तर आधी विरघळणारी चाचणी-गोळी देतात.

एरवी ती दोन-चार दिवसांत शौचावाटे पडते. ते चित्रीकरण आम्ही केलेलं नाही, पण मावशींना लक्ष ठेवायला सांगितलंय. पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही. पोट दुखलं, उलट्या झाल्या, तर लगेच यायचं.

[दृश्य: संध्याकाळ, नर्स पट्टा सोडते]

“झालं का जी?”

रेकॉर्डर टेबलावर. मावशी पदर सारखा करतात आणि पहिला प्रश्न विचारतात, पोह्यांची गाडी अजून आहे का?