अवघड लेव्हल म्हणजे हुशार कॉम्प्युटर नव्हे

‘एनबीए टू-के’ या बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये रूकी, प्रो, ऑल-स्टार, सुपरस्टार, हॉल ऑफ फेम अशा चढत्या लेव्हल आहेत. वरची लेव्हल लावली की कॉम्प्युटर जास्त डोकं लावून खेळेल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बदलतात ते मुख्यतः आकडे. तोच मोकळा शॉट तुमच्या हातून जास्त वेळा हुकतो आणि त्याच्या हातून कमी वेळा.

खरी कसोटी बचावात लागते. स्क्रीनवर बघून बोट हलवायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावर बदलणारी चित्रं, धरल्या, तर हे १२ ते १५ फ्रेम झाले. कॉम्प्युटरला मात्र बघावं लागतच नाही. तुम्ही कुठलं बटण दाबलंत हे प्रोग्रामला त्याच क्षणी कळलेलं असतं. आता शॉटची हुलकावणी देऊन बघा. समोरच्याचे पाय जमिनीवरून हलत नाहीत, पण खरा शॉट घेतलात की तुमच्याबरोबरच तो उडी मारतो. हा चांगला बचाव नव्हे, ही पेपर आधी फुटल्यासारखी गोष्ट आहे. गेम बनवणाऱ्यांनी इथे मुद्दाम १२-१५ फ्रेमचा उशीर ठेवावा, तोही दर वेळी थोडा कमी-जास्त, नाहीतर खेळणारा ती लय पाठ करतो. आणि अधूनमधून बचावपटूनं फसावं. फसणारा प्रतिस्पर्धीच खेळतोय असा वाटतो.

आता स्लायडर, म्हणजे गेमच्या सेटिंगमधल्या कमी-जास्त करता येणाऱ्या आकड्यांच्या पट्ट्या. कॉम्प्युटरचे तीन गुणांचे शॉट फार पडताहेत म्हणून लगेच त्याचा शॉटचा स्लायडर खाली ओढू नका. आधी शॉट कुठून येताहेत ते पाहा. बरेचदा दोष मदतीच्या बचावाचा असतो. कुणी आत घुसला की कोपऱ्यातला तुमचा खेळाडू धावून येतो, त्याचा माणूस मोकळा राहतो आणि चेंडू तिथेच जातो. तेव्हा मदतीचा स्लायडर कमी करा. शॉटचा केलात तर कॉम्प्युटर मोकळे शॉटही हुकवू लागेल आणि सामन्यातली मजाच जाईल.

एका वेळी एकच स्लायडर, दोन-तीन अंकांनी. एका सामन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे मी कळकळीनं सांगतो. ३६ टक्क्यांचा नेमबाज २० शॉटमध्ये ५ टाकेल किंवा ९, दोन्ही निव्वळ योगायोगानं घडू शकतं. निदान १०० शॉट होईपर्यंत नोंद ठेवा. क्वार्टर १२ मिनिटांऐवजी ५ मिनिटांचे खेळत असाल तर एकूण गुण नव्हे, टक्केवारी ताडून पाहा.

राहिला शेवटच्या मिनिटात गेम एखाद्या बाजूला देतो तो छुपा हात. १९९३ चा ‘एनबीए जॅम’ हा गेम बनवणारे मार्क टर्मेल डेट्रॉइट पिस्टन्स या संघाचे चाहते. पिस्टन्सविरुद्ध अटीतटीच्या सामन्यात शिकागो बुल्स संघाचे अखेरच्या क्षणाचे शॉट हुकावेत, अशी तजवीज त्यांनी कोडमध्येच केली होती, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. त्याच गेममध्ये मागे पडलेल्याला हात देणारी सोयही होती, पण ती बंद करता यायची. तुमच्या गेममध्ये असा पर्याय असेल, तर नोंदी सुरू करण्याआधी तो बंद करा. नाहीतर तुम्ही मोजलेली टक्केवारी स्लायडरची नसेल, गुणफलकाची असेल.