आतड्यात सोपा, मेंदूत अवघड

हे पट्टकृमीचं डोकं. जेमतेम एक मिलिमीटर रुंद. चार चूषक आणि वर आकड्यांचं दुहेरी कडं. डुकराच्या मांसातून येणारा हा जंत याच आकड्यांनी आतड्याला धरून बसतो. मागचं अंग मात्र काही मीटर वाढतं. त्याला ना तोंड, ना पोट. आपण पचवलेलं अन्न तो अंगभर त्वचेतून शोषून घेतो.

औषधाचा घाव बसतो तो याच त्वचेवर. प्राझिक्वांटेल १९७०च्या दशकात जर्मनीत शोधलं गेलं. ते जंताच्या पेशींत कॅल्शियमचा लोंढा सोडतं. स्नायू आखडतात ते सुटतच नाहीत. त्वचेवर फोड उठतात, ती फाटते, पकड ढिली पडते. मग ज्या आतड्यात तो आयतं खात होता, तिथलेच पाचकरस त्याला पचवू लागतात. म्हणून औषधानंतर अख्खा जंत पडलेला बहुतेकदा दिसतच नाही. वजनाच्या किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, तेही एकदाच. एवढ्यावर काम होतं. तरी डोकं शिल्लक राहिलं तर जंत पुन्हा वाढतो, म्हणून काही आठवड्यांनी शौचाची तपासणी करून घ्यायची.

खरी काळजी पुढे आहे. या जंताची अंडी पोटात गेली, तर अळ्या रक्तातून मेंदूत पोहोचून तिथे गाठी धरतात. मग फिट येतात. इथे अल्बेंडाझोल वापरतात. ते जंताच्या पेशींचा आतला सांगाडा मोडतं, त्याला ग्लुकोज घेता येत नाही. पण मेंदूतली अळी मरताना भोवती सूज येते, आणि हीच सूज जिवावर बेतू शकते. म्हणून जोडीला सूज आवरणारं स्टेरॉइड आणि फिटची औषधं असतात. डोळ्यात गाठ नाही ना, हेही आधीच पाहतात. हा क्रम चुकून चालत नाही.

प्राझिक्वांटेल रक्तात उतरतं, मेंदूपर्यंत जातं. पोटासाठी घेतलेली गोळी मेंदूतल्या लपलेल्या गाठींनाही डिवचू शकते. निक्लोसामाइड हे जंतावरचं दुसरं औषध मात्र बहुतांशी आतड्यातच राहतं. त्यामुळे साध्या जंताच्या तक्रारीवरही जाणता डॉक्टर आधी विचारतो: कधी फिट आली होती का? डोकं सतत दुखतं का? उत्तर ‘हो’ आलं, तर गोळी थांबते आणि आधी मेंदूचं स्कॅन होतं.