थंडी वाजते तरी कशी?

नमस्कार मंडळी. सुरुवात एका क्रियापदापासून करतो. मराठीत ऊन लागतं, पाऊस झोडपतो, वारा झोंबतो. थंडी मात्र वाजते. का वाजते ते भाषेच्या जाणकारांना विचारा, मला ठाऊक आहे ते एवढंच की दात नक्की वाजतात. शिवाय आपण गारवा आणि गारठा असे दोन शब्द वेगळे ठेवलेत. तापमापकातला आकडा दोन्ही वेळा तोच असू शकतो, पण एक हवासा आणि दुसरा नकोसा. मला आज या दोघांमधल्या फरकाबद्दल बोलायचंय.

मी तज्ज्ञ नाही. रोज सकाळी तापमान, वारा आणि आभाळ वहीत टिपून ठेवायची जुनी खोड आहे, इतकंच. त्या वहीत शेवटचा एक रकाना आहे, ‘कसं वाटलं’. बरीच वर्षं झाल्यावर एकदा सगळी पानं चाळली, तर तो रकाना आकड्याशी जुळेचना. उणे बाराच्या दिवशी लिहिलंय, ‘मस्त. तासभर फिरलो.’ आणि अधिक दोनच्या दिवशी, ‘नको जीव झाला.’

माझी नावडती थंडी इथेच सांगून टाकतो: शून्याच्या जरा वर, आभाळ भरलेलं, बारीक पाऊस, आणि समुद्रावरून येणारा वारा. मी काही हिवाळे किनाऱ्याजवळ काढलेत. लोक म्हणतात, ‘हवेत दमटपणा असतो, म्हणून तिथली थंडी हाडात शिरते.’ अनुभव खरा आहे, पण कारण तेवढं सरळ नाही. इतक्या थंड हवेत वाफ मावतेच किती? शून्य अंशाला एका घनमीटरमध्ये जेमतेम पाच ग्रॅम. तेवढ्यानं हवा आपली उष्णता जास्त ओढू लागत नाही. घात होतो तो कपड्यांचा. लोकर काय किंवा कापूस काय, ऊब देतात ते दोऱ्यांत अडकलेल्या हवेच्या जोरावर. ते कपडे ओलावले की हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी हवेच्या जवळपास पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. उणे दहाला पडणारं बर्फ कोटावर बसतं, झटकलं की गळून जातं. अधिक दोनला पडणारा पाऊस मात्र शिवणींतून आत येतो, मोज्यांपर्यंत पोचतो. मग बाकड्यावर बसायची सोय नाही आणि हातमोजे काढायचीही नाही, कारण ओले हातमोजे पुन्हा चढवणं ही शिक्षा असते. आकड्याच्या हिशेबात ती ‘सौम्य’ थंडी. हा शब्द ज्यानं वापरला तो घरात बसला असणार.

आता वारा. पॉल साइपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी 1941 च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकात एक साधा प्रयोग केला. प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात ठेवलं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. आज हवामानाच्या बातम्यांत ‘तापमान अमुक, पण जाणवेल तमुक’ असं जे सांगतात, त्याचं मूळ या नळकांड्यात आहे. 2001 मध्ये अमेरिका आणि कॅनडानं सूत्र बदललं. आता हिशेब माणसाच्या उघड्या चेहऱ्याचा धरतात. या नव्या सूत्रात मी माझी दोन सकाळची टिपणं घालून पाहिली. उणे दहा आणि ताशी तीस किलोमीटर वारा: जाणवणार उणे वीस. उणे पंधरा आणि पान हलेल-न हलेल एवढा, ताशी पाच किलोमीटरचा वारा: जाणवणार उणे एकोणीस. म्हणजे पाच अंश जास्त थंड असलेली सकाळच चेहऱ्याला किंचित बरी! माझ्या वहीतला रकाना वेडा नव्हता तर.

एक गैरसमज मात्र काढून टाकू. ‘जाणवेल उणे पाच’ म्हणजे बाहेर ठेवलेली बादली उणे पाचाला जाते असं नाही. हवाच अधिक दोन असेल, तर वारा कितीही सुटला तरी बादलीतलं पाणी त्यामुळे गोठत नाही. तो आकडा आपली ऊब किती वेगानं जाते याचा आहे. जिला ऊब नाही, त्या बादलीला त्याचं काय!

आणि ऊन. स्वच्छ, निवांत थंडीत पाठीवर ऊन घेऊन उभं राहिलं की काळा कोट पाच मिनिटांत तापतो. तापमापक सावलीत टांगलेला असतो, त्याला या सुखाची खबरच नसते. त्यामुळे मी अंदाजात आकडा शेवटी बघतो. आधी वारा, मग आभाळ.

घरात आमचे या बाबतीत दोन पक्ष आहेत. मी लख्ख सकाळवाला, बायको धुक्यावाली. तिला धुक्यात चालताना जग दहा पावलांवर संपलेलं आवडतं. मला ते कोंडल्यासारखं होतं. पण गंमत अशी की आमच्या दोघांच्या आवडीची रात्र एकच असते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन आपली उष्णता थेट वर सोडून देते, ढगांची दुलई नसल्यामुळे ती परत येत नाही. जमिनीलगतची हवा निवत जाते. त्या हवेत ओल पुरेशी असेल तर सकाळी धुकं उभं राहतं, म्हणजे बायकोची सकाळ. हवा कोरडी असेल तर गवतावर नुसतं पांढरं दहिवर, म्हणजे माझी. झोपायला जाताना कोण जिंकणार ते काही अंशांवर ठरत असतं.

दहिवराबद्दल एक बघण्यासारखी गोष्ट. हवामान केंद्रांतला तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतो. तो अधिक दोन दाखवत असताना खालचं गवत गोठलेलं असू शकतं. अशा सकाळी खाली वाकून एखादं गळलेलं पान उचला. दहिवर पानभर सारखं पसरलेलं नसतं. कडांवर आणि शिरांवर दाट, सुयांसारखं उभं, आणि मधल्या खोलगट भागात विरळ. बोट लावलं की सुया जातात आणि बोटाच्या ठशाएवढा ओला डाग उरतो. एवढ्यासाठी मी गुडघे दुखत असतानाही वाकतो.

बर्फाचं वेड असलेल्यांना मी नेहमी विचारतो, कोणत्या बर्फाचं? जपानमध्ये होक्काइडोला उकिचिरो नाकाया यांनी 1936 मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला, तोही सशाच्या केसावर. त्यांनी दाखवून दिलं की स्फटिकाचा आकार तापमान आणि हवेतली वाफ ठरवतात. उणे पाचाच्या आसपास सुया आणि खांब, उणे पंधराच्या आसपास आपण चित्रात काढतो तशा सहा फांद्यांच्या चांदण्या. म्हणजे चांदणीवर प्रेम असेल तर ढगात उणे पंधरा मागावं लागेल. आणि कापसासारखे मोठमोठे, संथ उतरणारे पुंजके? ते शून्याच्या जवळ पडतात. ओलसर स्फटिक एकमेकांना चिकटून ते होतात. दिसायला सुंदर, पण तासाभरात पायाखाली चिखल. मला ते बर्फ खिडकीतून आवडतं.

गोठणारा पाऊस मात्र मी कुणाच्याच आवडीत धरत नाही. थेंब शून्याखाली जाऊनही द्रव राहतात आणि टेकले की काच होतात. जानेवारी 1998 मध्ये पूर्व कॅनडात असा पाऊस दिवसच्या दिवस पडला आणि त्या काचेच्या ओझ्यानं विजेचे मनोरेसुद्धा कोसळले. ऐन हिवाळ्यात लाखो लोक अंधारात राहिले. थंडीची आवडनिवड ही उबदार घर पाठीशी असणाऱ्यांची चैन आहे, हे बोलता बोलता कबूल करायला हवं.

माझ्या कोरड्या थंडीलाही खोड्या आहेतच. उणे वीसची हवा घरात घेऊन वीस अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता पाच-सहा टक्क्यांवर येते. ओठ फुटतात, नाक आतून सोलवटतं, दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी. आणि खूप खाली गेलं की मजा संपते. सैबेरियात ओम्याकोनला 1933 मध्ये उणे 67.7 नोंदलं गेलं. तिकडे म्हणे श्वास गोठून त्याची हलकी सळसळ ऐकू येते, आणि तिला ताऱ्यांची कुजबुज म्हणतात. ऐकायला छान, मी जाणार नाही.

मग माझी थंडी कोणती? उणे दहा-बारा, वारा पडलेला, रात्री पडून गेलेलं कोरडं बर्फ. ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते, आणि ते आवाज शोषून घेतं. त्यामुळे दार उघडताच पहिल्यांदा जाणवते ती शांतता. मग पहिलं पाऊल टाकायचं. शून्याजवळचं बर्फ पायाखाली नुसतं दबतं, काही बोलत नाही. उणे दहाच्या खाली मात्र कण दबून सरकण्याऐवजी एकमेकांवर घासतात, तुटतात, आणि करकर आवाज येतो, नव्या चामड्याच्या चपलेसारखा. जितकी थंडी जास्त, तितका तो चढा. हल्ली मी तापमापक बघण्याआधी चार पावलं चालून अंदाज बांधतो. बहुतेक वेळा दोन-तीन अंशांनी चुकतो, आणि बायको खिडकीतून बोटांनी खरा आकडा दाखवते.