मुरडलेली पावले

(दृश्य : जिल्हा रुग्णालयातील प्लास्टर कक्ष. बादलीतील कोमट पाणी.)

प्लास्टरची पट्टी पाण्यात बुडते, बुडबुडे थांबले की बाहेर काढून हलकेच पिळली जाते, आणि तेवढ्या अवधीत आईने बाळाला अंगावर घेतलेले असते, कारण दूध पिणाऱ्या बाळाचा पाय सैल असतो. हे बाळ 16 दिवसांचे आहे. त्याच्या टाचा वर ओढलेल्या आहेत, पावले आत वळलेली आहेत आणि तळवे एकमेकांसमोर आले आहेत. वैद्यकशास्त्र या जन्मजात दोषाला क्लबफूट म्हणते. दर 1000 जन्मांमागे साधारण एका बाळात तो आढळतो, मुलग्यांत मुलींच्या सुमारे दुप्पट, आणि अशा बाळांपैकी जवळपास निम्म्यांची दोन्ही पावले वळलेली असतात.

(दृश्य : डॉक्टरांचे हात, जवळून.)

अंगठ्याकडे लक्ष द्यावे. पावलाच्या बाहेरील बाजूस, घोट्याच्या किंचित पुढे हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. अंगठा तेथे टेकवून उरलेले पाऊल त्याच्याभोवती हळूहळू बाहेर वळवले जाते. जोर लावायचा नसतो. नवजात बाळाच्या सांध्यांचे बंध ताण दिल्यास लांबतात, आणि पावलातील हाडे अजून बरीचशी कूर्चेची असल्याने नव्या ठेवणीत वाढू लागतात. आधी पावलाची अवाजवी कमान सपाट केली जाते, मग आतला वळसा सुटतो, आणि वर ओढलेल्या टाचेची पाळी सर्वांत शेवटी येते. दर आठवड्याला जुने प्लास्टर काढायचे, पाऊल थोडे पुढे न्यायचे आणि बोटांपासून जांघेपर्यंत नवे प्लास्टर घालायचे, असे बहुधा 5 ते 7 वेळा करावे लागते. गुडघा वाकवलेला दिसतो तो मुद्दाम, कारण सरळ पायावरून प्लास्टर निसटते. बहुतेक बाळांत अखेरीस टाचेमागील कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जागा बधिर करून एका छोट्या छेदातून कापतात, आणि 3 आठवड्यांच्या शेवटच्या प्लास्टरमध्ये ती लांब होऊन पुन्हा जुळते.

ही रीत इग्नासिओ पोन्सेटी यांची. 1914 साली स्पेनच्या मेनोर्का बेटावर जन्मलेले आणि तेथील यादवी युद्धात जखमींवर उपचार केलेले हे डॉक्टर पुढे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात आले. शस्त्रक्रिया केलेली पावले पुढे ताठर आणि दुखरी होतात, हे तेथे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली आणि 1963 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाकूवर हात बसलेल्या त्यांच्या व्यवसायबंधूंनी मात्र तिची नीट दखल घ्यायला आणखी सुमारे 30 वर्षे लावली.

(दृश्य : कक्षाबाहेरील बाक.)

बाकावरच्या आजींच्या मते सुनेने ग्रहण पाळले नाही. शेजारच्या बाईंना बाळ पायाळू असावे असे वाटते. पायाळू बाळांचे खुबे आवर्जून तपासावे लागतात हे खरे, पण क्लबफूट जन्माच्या वेळी घडत नाही. गर्भाशयात जागा अपुरी पडून पाऊल दुमडते, ही समजूत तर हिपोक्रेटीसइतकी जुनी आहे. सोनोग्राफीत मात्र वळलेले पाऊल कधीकधी 13व्या-14व्या आठवड्यातच दिसते, आणि त्या वेळी गर्भाला पाय हलवायला भरपूर जागा असते.

कारणाचा खरा माग जुळ्यांमध्ये लागला. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला हा दोष असेल, तर दुसऱ्यालाही तो असण्याची शक्यता सुमारे 33 टक्के असते. दोन वेगळ्या बीजांच्या जुळ्यांत ती 3 टक्क्यांच्या आसपास राहते. सारे रक्तातूनच येत असते, तर पहिला आकडा 100च्या जवळ असता, आणि रक्तातून काहीच येत नसते, तर दोन आकड्यांत एवढी तफावत पडली नसती. काही कुटुंबांत पिटएक्स1 या जनुकात बिघाड सापडला आहे. गर्भाच्या मागच्या अवयवाला पाय म्हणून घडवण्याच्या कामात हे जनुक भाग घेते. बहुतेक घरांत मात्र एकच दोषी जनुक दाखवता येत नाही, तेथे अनेक जनुकांचा थोडाथोडा भार साचतो. मुलींत हा दोष प्रकट व्हायला तो भार अधिक लागत असावा, कारण क्लबफूट असलेल्या मुलींच्या जवळच्या नात्यांत तो जास्त वेळा आढळतो.

बाहेरील कारणांत गरोदरपणातील धूम्रपानाचे नाव वारंवार येते, आणि कुटुंबात आधीच हा दोष असेल तर दोन्हींचा एकत्रित धोका नुसत्या बेरजेहून पुष्कळ मोठा ठरतो. आपल्याकडे स्त्रिया विडी क्वचित ओढतात, मशेरी मात्र सर्रास लावतात. मशेरीने बाळाचे वजन घटते हे दिसून आले आहे. पावलांबाबत तसा पुरावा नाही आणि तो आहे असे भासवूही नये. तपासणीच कारण ठरल्याचेही एक उदाहरण आहे. कॅनडात 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गर्भातील दोष तपासण्यासाठी गर्भजल 11व्या ते 13व्या आठवड्यात काढलेल्या गटातील 1.3 टक्के बाळांत, तर ते उशिरा काढलेल्या गटातील केवळ 0.1 टक्के बाळांत क्लबफूट आढळला. आता ही तपासणी 15व्या आठवड्याआधी करत नाहीत.

डॉक्टर बाळाला पालथे करून पाठ पाहतात तेही कारणाच्याच शोधात. पाठीच्या कण्यातील दोषामुळे पावले वळली असतील, तर प्रश्न वेगळा असतो. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून घडतात ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते. ती नीट मिटली नाही तर कण्यात दोष राहतो, म्हणून फॉलिक आम्लाची गोळी त्याआधी सुरू असावी लागते.

(दृश्य : दांडीने जोडलेले छोटे बूट.)

प्लास्टर संपल्यावर हे बूट पहिले 3 महिने दिवसाचे 23 तास, आणि नंतर वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत झोपेत घालायचे असतात. ते सुटले की पाऊल पुन्हा वळते. मुलांची तपासणी आणि मोफत उपचार करणाऱ्या सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे; या कार्यक्रमाचा आरंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथे झाला. तरीही दर आठवड्याचा बुडालेला रोज आणि एसटीचे भाडे पालकांच्याच खिशातून जाते.

(दृश्य : बाळाची बोटे. आजींच्या मांडीवर बाळ.)

प्लास्टर सुकले आहे. बोटे गुलाबी आणि उबदार आहेत ना, हे घरी वरचेवर पाहायचे आहे. ती निळसर पडली, तर तारखेची वाट न पाहता परत यायचे. पुढची तारीख गुरुवारची आहे.