वाढतं वय आणि पेशींचे निरोप

श्रोतेहो, नमस्कार.

वय झालं की प्रतिकारशक्ती कमी होते, असं आपण सहज बोलून जातो. खरा मामला त्याहून विचित्र आहे.

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी-पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तिथे तयार होतात. प्रतिकारशक्तीसाठी ही ग्रंथी किती गरजेची आहे, हे जॅक मिलर यांनी १९६१ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. ही ग्रंथी लहानपणापासूनच आक्रसू लागते, तिची जागा चरबी घेते. त्यामुळे अनोळखी जंतूंसाठी लागणाऱ्या कोऱ्या टी-पेशींची आवक भर तारुण्यातच आटत असते. आपल्याला पत्ता लागतो तो साठीनंतर!

ज्या पेशी उरतात, त्यांचे कान जरा जड होतात म्हणा ना. जंतूचा तुकडा टी-पेशीच्या पृष्ठभागाला भिडला की आत एक प्रथिन दुसऱ्याला फॉस्फेट जोडून जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि निरोप केंद्रकापर्यंत पोचतो. उतारवयातल्या कोऱ्या टी-पेशींत डस्प-६ हे विकर वाढलेलं आढळलं आहे. ते या साखळीतल्या ‘ईआरके’ प्रथिनावरचा फॉस्फेटच काढून टाकतं. मग जंतू समोर असूनही पेशी पुरती जागी होत नाही. शिवाय बऱ्याच जुन्या टी-पेशींवरचा सीडी-२८ हा दुजोरा देणारा रेणूही नाहीसा झालेला असतो.

इकडे निरोप पोचत नाही आणि तिकडे कारण नसताना दाह, म्हणजे प्रतिकारशक्तीचीच सुजेसारखी प्रतिक्रिया, धुमसत राहतो. विभाजन थांबलेल्या म्हाताऱ्या पेशी इंटरल्युकिन-६ सारखी दाहक द्रव्यं सोडत राहतात. वयाबरोबर येणाऱ्या या मंद दाहाकडे इटलीचे क्लाउदिओ फ्रांचेस्की यांनी २००० साली लक्ष वेधलं. म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ ही जाहिरात ऐकली की मला विचारावंसं वाटतं, यातली नेमकी कोणती वाढवायची?

लस बनवणाऱ्यांनी मात्र यावर नीट विचार केलाय. पासष्टीपुढच्यांसाठी फ्लूची एक लस आहे, तिच्यात प्रतिजन, म्हणजे पेशींना विषाणूची ओळख पटवणारा त्याचा अंश, नेहमीच्या चौपट असतं. नागिणीच्या नव्या लसीत पेशींना चेतवणारं सहायक द्रव्य घातलंय. सत्तरी ओलांडलेल्यांतही चाचण्यांमध्ये ती सुमारे ९० टक्के परिणामकारक ठरली.

आणि घरात वडीलधारी माणसं असतील तर एवढं ध्यानात असू द्या. गंभीर संसर्गातही त्यांना ताप फारसा चढेलच असं नाही. अचानक जेवण तुटलं, बोलण्यात असंबद्धपणा आला, तर थर्मामीटरवर विसंबून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

नमस्कार.